उशीतली सरकी

गोकर्णाबाई, तुझी उशी मी फेकली नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्या बायांनी सांगितलं, मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये, कोणाला तरी देऊन टाका. गोधडी दिली, सतरंजी दिली, तुझी ती चॉकलेटी शालही दिली. उशीची वेळ आली तेव्हा मी तिच्यावर हात ठेवून बसले. म्हटलं, ही नाही. तुझ्या मालकांनी, म्हणजे भासऱ्यांनी, माझ्याकडे पाहिलं आणि बायांना म्हणाले, "राहू द्या, ते तिचं हाये." त्यांना आता माहीत आहे. आता सगळ्यांनाच माहीत आहे, आणि तेच तुला सांगायला बसले आहे.

लिहायला बसलं की माझी भाषा बदलते, हे आधीच कबूल करते. दहावी पास झाल्याचा आजार आहे तो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय मास्तरीनवानी बोलून राह्यली वं, नीट बोल." नीटच बोलते आहे माय. फक्त तू समोरून टोकत नाहीस, त्यामुळे जरा अडखळायला होतं.

तू गेलीस त्या सकाळी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटली". लोक बघत राहिले. शेजारची म्हणाली पण, की रडायचं सोडून हे काय बोलते. बोलू दे. चार महिने तिनं थोडीच तुझा श्वास ऐकला होता? तू भिंतीला पाठ लावून बसून झोपायचीस. एक घास, मग दम. एक शब्द, मग दम. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून विचारलं, "कामाला कुठे होत्या?" मी म्हटलं, कापसातून सरकी काढतात त्या जिनात, मोताळ्याच्या रस्त्यावर. "किती वर्षं?" चौदा हंगाम. "सोडून किती झाली?" एकोणीस वर्षं. ते म्हणाले, "तुम्ही धूळ सोडली, धुळीनं तुम्हाला सोडलं नाही." तू मला कोपर मारलंस आणि बाहेर आल्यावर विचारलंस, "डाक्टर चांगला बोलते, पन गोळी देते का नाही?"

तर त्या सकाळी मी चहा टाकत होते. आतून तुझी ती चाळणीसारखी घरघर येत होती, ती थांबली. मला वाटलं, चला, झोप लागली. खरंच सांगते, मला आनंद झाला. मी चहा गाळला, तुझ्या कपात साखर जास्त टाकली, आणि आत आले तर तू खरोखरच निवांत झाली होतीस. चेहऱ्यावर कसलीच ओढाताण नव्हती. मी बराच वेळ तुझ्याजवळ बसले आणि मगच हाक मारली सगळ्यांना. तो चहा मी प्यायले, रागावू नकोस.

लग्न होऊन आले तेव्हा मी तुला "अहो जाऊबाई" म्हणायचे, आठवतं का? सासूबाईंनीच शिकवलं होतं, थोरलीला मान द्यायचा. मग तू मला जिनात घेऊन गेलीस. एका ओळीत वीस यंत्रं, समोर आणखी वीस, आणि सगळी एकदम सुरू झाली की स्वतःचा आवाजही स्वतःला ऐकू येत नाही. मी आपली "अहो जाऊबाई, अहो जाऊबाई" करत टोपलं डोक्यावर घेऊन उभी. तू पाठमोरी. शेवटी मी बोंबलले, "ए गोकर्णे!" तू वळलीस आणि असं हसलीस की तोंडावर बांधलेलं फडकं सुटलं. त्या दिवसापासून 'अहो'ची 'तू' झालीस ती झालीस. सासूबाई चार दिवस गाल फुगवून होत्या.

तूच मला कापूस ओळखायला शिकवलंस. पिवळी पडलेली कवडी कुठली, पाला कुठला, प्लॅस्टिकची चिंधी कशी लपते. यंत्रात कापूस टाकताना बोटं किती आत न्यायची आणि कुठे थांबायचं, हे माझं मनगट धरून शिकवलंस. आणि पायाच्या बोटांना पट्टी बांधायला शिकवलंस. बांगड्या काढून ठेवता येतात, डूल काढता येतात, पण जोडवी कशी काढणार? सवाष्ण बाई जोडवी काढत नाही. म्हणून आपण सगळ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या जोडव्यांवरून घट्ट गुंडाळायचो. धातूचं काही कापसात गेलं, यंत्राच्या रुळात सापडलं, तर ठिणगी पडते आणि जीन पेटते, हे दौलतराव मुकादम पहिल्या दिवशीच सांगायचे. आपली जोडवीही एकसारखी. सासूबाईंनी मोताळ्याच्या बाजारात एकाच सोनाराकडून दोघींना घेतली होती, भांडणं नकोत म्हणून. भांडणं झालीच, पण जोडव्यांवरून नाही झाली.

उशीवरून झाली. हंगाम संपत आला की यंत्रांच्या मचाणाखाली साचलेली रुई, म्हणजे झाडण, बायांना घरी न्यायला मिळायची. त्या वर्षी आपल्या वाट्याची झाडण मी पोत्यात भरली, वर चढून पायांनी दाबून दाबून भरली, आणि दुपारच्या सुट्टीत घरी टाकून आले. पुढे तू तिचीच उशी केलीस. पहिल्या आठवड्यातच तुझी तक्रार सुरू.

"या उशीत काहीतरी खडा हाये वं. कानाले टोचते."

"सरकी असन," मी म्हणायचे.

"सरकी इतकी टोचते का?"

"तुयं डोस्कंच नाजूक."

एकोणीस वर्षं गोकर्णाबाई, एकोणीस वर्षं आपण यावर भांडलो. तू उशी उन्हात टाकायचीस, काठीनं बदडायचीस, उलटी करायचीस, पालटून घ्यायचीस. पण उसवायची नाहीस. "शिवन चांगली झाली हाये, उसवाची नाही," म्हणे. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं!

आता त्या दिवसाचं बोलते. आपण दोघींनी त्यावर पुरतं कधी बोललोच नाही.

झाडण घरी टाकून मी परत आले, तासाभरात आपल्याच ओळीतल्या चौथ्या यंत्रातून धूर निघाला. कापसाची आग मोठ्यानं येत नाही. ती ढिगाच्या पोटात शिरते आणि मग एकदम तोंड काढते. भोंगा वाजला, सगळ्या बाया बाहेर पळाल्या, आणि तू मात्र माझा दंड धरून मला ओढत आणलंस, कारण मी खुळ्यासारखी टोपलं शोधत होते. तुझ्या डाव्या भुवईचे केस जळाले. ते पुन्हा नीट आलेच नाहीत. कोणाचा जीव गेला नाही, हे नशीब. पण रुई गेली, दोन यंत्रं गेली, आणि शेठ कपाळाला हात लावून बसला.

मग मुकादमांनी आपल्या ओळीतल्या बायांना उभं केलं. म्हणाले, पाय दाखवा. मी खाली पाहिलं तर माझ्या डाव्या पायाची पट्टी सुटून लोंबत होती आणि बोट जोडव्याविना मोकळं. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात तू पायाला काटा लागल्यासारखी खाली वाकलीस. पट्टी ओढून तुझ्या डाव्या पायातलं जोडवं काढलंस आणि त्याच हातानं माझ्या पायात सरकवलंस. सासूबाईंनी लग्नात घातलं तेव्हाही एवढ्या झटक्यात गेलं नव्हतं. आणि सरळ उभी राहून मुकादम जवळ यायच्या आधीच बोललीस, "माहं गेलं. माहंच जोडवं गेलं."

म्हातारा फिटर मागून ओरडत होता की बेअरिंग कोरडं पडलं होतं, मी सकाळीच सांगितलं होतं. पण बेअरिंगवर कोण ओरडणार? ओरडायला समोर बाई उभी होती. शेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नको. तू पदर खोचलास आणि माझ्याकडे न बघता फाटकाबाहेर गेलीस. आणि मी? मी तुझं जोडवं पायात घालून तिथेच उभी राहिले.

काऊन केलं असं, हे मी तुला किती वेळा विचारलं असेल. एकदा म्हणालीस, कंटाळा आला होता जिनाचा. एकदा म्हणालीस, भुवई जळाल्यावर डोकं फिरलं होतं. एकदा नुसतंच, "गप बस, भाकर थाप." खरं कारण सांगितलंस ते सहा-सात वर्षांनी, सोयाबीन काढताना, बांधावर बसून. पुढच्या हंगामात मला वजनकाट्यावर पावत्या लिहायला घेणार होते. ओळीतली दहावी पास बाई मी एकटीच. तू म्हणालीस, "तू काट्यावर बसली तं घरातली एक तरी छाती कोरी राहीन. माह्यी तं भरलीच होती." आणि उठून कामाला लागलीस. मी बांधावर बसून रडले, तर तिथूनच ओरडलीस, "रडाले मजुरी भेटत नाही वं!"

काट्याच्या खोलीला खिडकी आहे, पंखा आहे, दार लावलं की रुई आत येत नाही. माझी छाती कोरी राहिली. तू उन्हातान्हात निंदायला गेलीस, वेचणीला गेलीस, आणि गावात तुला जीन जाळणारी म्हणू लागले. भासऱ्यांनी बाजारातून गिलटाचं जोडवं आणून दिलं, ते दर पावसाळ्यात काळं पडायचं आणि तुझं बोट हिरवं व्हायचं. माझ्या पायात तुझी चांदी. तू एकदाही मागितली नाहीस. मी द्यायला आले तर म्हणालीस, सवाष्ण बाईनं काढू नये.

पण याहून वाईट आहे ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. दर हंगामाच्या मुहूर्ताला मुकादम नव्या बायांना उभं करून तेच सांगायचे, "पायाले पट्ट्या बांधा. गोकर्णीसारखं करू नका. एका जोडव्यानं जीन जाळली तिनं." मी खिडकीतून ऐकायचे. मग दुपारी डबा खाताना कोणीतरी नवी पोरगी विचारायचीच, "बाई, कोन होती ही गोकर्णी?" आणि मी म्हणायचे, "होती एक." एकोणीस हंगाम, होती एक. आणि संध्याकाळी घरी येऊन तुझ्याच हातची भाकर खायचे. सुरुवातीला काटा जाईल ही भीती होती. नंतर भीती गेली, लाज राहिली, आणि लाज तर आणखीच तोंड उघडू देत नाही.

तू जायच्या बारा दिवस आधी मान फार दुखते म्हणालीस. मी म्हटलं, आज ही उशी उसवतेच, कापूस मोकळा करते. तू नको नको करत होतीस, पण अंगात जोर नव्हता, म्हणून मी जिंकले. अंगणात उन्हात बसले, शिवण उसवली, रुईचे गठ्ठे हातानं पिंजत गेले. एका गठ्ठ्यात काहीतरी कडक लागलं. म्हटलं, ही बघा महाराणीची सरकी. बोटांनी सोडवली.

जोडवं होतं. डाव्या पायाचं. माझं.

मग सगळं एकेक करून डोक्यात आलं. झाडण पायांनी दाबली होती. पट्टी तेव्हाच सैल झाली. पोतं घरी आलं, आणि आग लागली ती त्यानंतर. म्हणजे माझं जोडवं यंत्रात गेलंच नव्हतं. ते तुझ्या कानाखाली होतं.

आत येऊन मी तळहात तुझ्यासमोर धरला. तू पाहिलंस. मला वाटलं होतं, तू रडशील, नाहीतर मला शिव्या देशील. मला शिव्याच हव्या होत्या, खरं सांगू का? आणि तू काय म्हणालीस?

"म्या म्हनलं नव्हतं टोचते म्हनून?"

आणि हसत सुटलीस. दम लागला, खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसणं थांबेना. मी पाठ चोळत होते आणि रडत होते आणि हसतही होते. मग जरा शांत झालीस आणि विचारलंस, "म्हंजे ते आग आपली नव्हती?"

"नव्हती."

"ना तुही, ना माही?"

"कोनाचीच नाही."

तू भिंतीला डोकं टेकलंस. मी म्हटलं, "गोकर्णे, एक डाव तरी शिवी दे वं मले. तुहं सारं गेलं माह्यापायी." तू म्हणालीस, "शिव्या द्याले दम लागते. चा ठेव." चहा घेऊन आले तर डोळे मिटून बसली होतीस, आणि म्हणालीस, "बरं झालं वं. मले वाटे, तुह्या जिवाले लागून राह्यलं हाये. मी मेल्यावर कसं व्हईन तुहं, याचीच काळजी होती."

हे मी कसं सोसायचं, तूच सांग. जिचं नाव गेलं ती माझी काळजी करत होती.

तू गेलीस तेव्हा बायांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मी तुझ्या पायाशी बसले. तुझ्या डाव्या पायातलं ते काळं गिलट काढलं. मग माझ्या पायाला खोबरेल लावलं आणि तुझं चांदीचं जोडवं फिरवत फिरवत काढायला लागले. एवढ्या वर्षांत बोटात रुतलं होतं. बाया ओरडल्या, "काऊन काढून राह्यली वं? नवरा जिता हाये तुहा!" मी म्हटलं, "हे माहं नाही. हे तिचं हाये." आणि तिथेच, तुझ्या पायाशी बसून, सगळं बोलून टाकलं. आग, पट्टी, उशी, सगळं. भासरे दारात उभे होते. ते खाली बसले आणि म्हणाले, "मले कधी बोलली नाही." मी तुझं जोडवं तुझ्या पायात घातलं. सैल गेलं, पाय इतके वाळले होते. माझं मी घातलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला गोकर्णाबाई, तुझ्यासमोर खोटं काय बोलू. तुला पोचवून आल्यावर मी ताट भरून जेवले.

आज बावीस दिवस झाले. आज जिनाचा मुहूर्त होता. शेठ आता त्याचा मुलगा आहे. नारळ फुटला, पेढे वाटले, नव्या बाया ओळीनं उभ्या राहिल्या. दौलतराव आता काठी टेकत येतात, पण भाषण तेच. मी काट्याची खोली बंद केली आणि त्यांच्या तोंडातून "पायाले पट्ट्या" निघायच्या आत पुढे जाऊन उभी राहिले. काटा गेला तर गेला, म्हटलं. एवढी वर्षं बसले ते पुष्कळ झालं.

मी सांगितलं. तू आठवड्याच्या बाजारात भाव करायचीस तशी, मोठ्यानं, न थांबता. पायातलं जोडवं दाखवलं. त्या दिवशी हरवलं ते माझं, तिचं नाही. आणि माझंही यंत्रात गेलं नव्हतं. तिनं माझ्यासाठी अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. शेठचा मुलगा मोबाइल खिशात घालून म्हणाला, "बाई, जुनी गोष्ट आहे. काट्यावर गाडी उभी आहे, जा." म्हणजे काटा राहिला. मुकादमांनी मात्र काठी दुसऱ्या हातात घेतली. मग घसा साफ केला आणि म्हणाले, "पायाले पट्ट्या बांधा." थांबले. पुढचं वाक्य त्यांच्या ओठावर होतं, मला दिसत होतं. ते गिळलं त्यांनी. "बस. लागा कामाले." भोंगा वाजला, यंत्रं सुरू झाली.

उशी मी पुन्हा शिवली आहे. आता मीच घेते. टोचत नाही. मला उगाच वाटतं की थोडं टोचायला हवं होतं, पण नाही टोचत, तुझी जीत झाली.

दुपारी डबा उघडला. जानेफळकडून सून म्हणून आलेली एक पोरगी शेजारी येऊन बसली. भुवया रुईनं आताच पांढऱ्या झालेल्या. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "बाई, सकाळी तुमी नाव घेतलं ते... कोन होती हो ते गोकर्णाबाई?"

"माझी जाऊ," मी म्हटलं. "माझी थोरली जाऊ होती ती."